टीव्हीतल्या मुलीला आवतण

१

झंखना दहा वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. ताप उतरायचं नाव घेईना. डॉक्टर रोज म्हणायचे, वाट बघू. वाट बघण्यापलीकडे मलाही काही येत नव्हतं. एका संध्याकाळी इस्पितळाच्या खिडकीशी उभी राहून मी गोरमाला, आमच्याकडच्या गौरीमातेला, नवस बोलले: पोर उठून बसू दे. तिच्याकडून पाच वर्षं मोळाकत करवीन. ती अळणी खाईल ते सगळे दिवस मीही अळणी खाईन. आणि शेवटच्या वर्षी तिच्या बरोबरीच्या मुलींना घरी बोलावून, पाय धुऊन, पोटभर जेवू घालीन. दुसऱ्या दिवशी झंखनाने स्वतःहून केळं मागितलं.

मोळाकत म्हणजे आमच्याकडच्या कुमारिकांचं आषाढातलं पाच दिवसांचं व्रत. मातीच्या रामपात्रात गहू पेरायचे, जवारे वर आले की कापसाला कुंकू लावून केलेली माळ त्यांना घालायची, आणि व्रत सुटेपर्यंत मिठाचा कणही तोंडात घ्यायचा नाही. शेवटी जागरण. सकाळी नर्मदेत जवारे सोडायचे आणि घरी येऊन पहिला खारा घास घ्यायचा. भरूचमध्ये हे जरा अवघडच आहे, कारण गावाची निम्मी हवा खाऱ्या शेंगेची, म्हणजे खारवलेल्या शेंगदाण्यांची. झंखनाच्या पप्पांची तर शेंगेची भट्टीच आहे. घरी आले की त्यांच्या सदऱ्याला मिठाच्या पाण्याचा आणि तापल्या वाळूचा वास येतो.

"पप्पा, लांब बसा, माझं व्रत मोडेल," झंखना लहानपणी ओरडायची.

"वासाने मोडत असेल तर गावातल्या एकीचंही व्रत पुरं झालं नसतं," ते म्हणायचे आणि मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसायचे.

अशी वर्षं गेली. यंदाचं पाचवं. जवारे चांगले दाट आले होते. मला फक्त एवढंच हवं होतं, की हे शेवटचं वर्ष नीट पार पडावं आणि गोरमाला दिलेला शब्द माझ्याकडून पुरा व्हावा. पोरीच्या बदल्यात दिलेला शब्द होता तो.

२

तोंडात मीठ नसलं की दिवस फार लांबतो. आधीच्या वर्षी मुली कॅरम खेळायच्या, मेंदी काढायच्या. यंदा शाळेतून आल्या की झंखना, तिच्या वर्गातली हेली आणि शेजारची पंक्ती आमच्या पुढच्या खोलीत दार लोटून मालिका बघायच्या. खऱ्या खुनांवरची मालिका. प्रत्येक भागात एक खरी घटना, नावं बदललेली.

"कोपऱ्यात लिहिलंय बघा, सोळा वर्षांवरच्यांसाठी," तरुलताबेन म्हणाल्या. पंक्तीची आई. त्यांची आणि आमची ओसरी एकच, मध्ये फक्त तुळस. "तुमची पंधराची, माझी पंधराची. वर्षभर आधीच पिकवून काढतायत पोरींना."

"मग बंद करायचं का?"

"तुम्ही करा. मी केलं की माझी पोर तुमच्याकडे येऊन बघते, हे दिसतंय ना."

झंखनाच्या पप्पांना मी रात्री विचारलं. ते म्हणाले, "बघू दे की. उद्या सुरतेला कॉलेजात जाईल. जगात कशी माणसं असतात ते आधी कळलेलं बरं."

"तिला झोप नाही लागली तर?"

"लागते तिला. घोरते ती."

"पप्पा!" आतून आवाज आला.

मग मी एक भाग त्यांच्याबरोबर बसून बघितला. मला वाटलं होतं तसं रक्तबिक्त काही नव्हतं. सगळं स्वच्छ. फौजदार हुशार होता. एका गावातली मुलगी मोळाकत चालू असताना घरातून नाहीशी होते. शोधाशोध होते, शेवटी घरातल्याच एका माणसाच्या तोंडून खरं बाहेर पडतं. त्याला गाडीत घालून नेतात, संगीत वाजतं, आणि गोष्ट संपते.

मला खटकलं ते संपणंच. मी म्हटलं, "आणि त्या पोरीचं काय झालं?"

"मम्मी, ती मेली ना. पहिल्याच सीनला."

"ते कळलं गं. पुढे काय?"

झंखनाने हेलीकडे बघितलं. हेलीने तोंडावर उशी धरली. "मासी, मेल्यावर पुढे काय असणार?" ती उशीतून म्हणाली.

 पण उठता उठता माझ्या मनात आलं, तिचे जवारे कुणी सोडले असतील?

३

व्रत उजवण्याच्या जेवणाला ज्या मुली बसवायच्या त्यांना आम्ही गोयणी म्हणतो. त्यांना आवतण द्यायची रीत साधी आहे. वाटीत ओलं कुंकू घेऊन जायचं, कपाळाला बोट लावायचं आणि म्हणायचं, बेटा, अमुक दिवशी आमच्याकडे जेवायला ये. तोंडी सांगितलेलं चालत नाही, फोनवरचं तर नाहीच. आणि एकदा कपाळाला कुंकू लागलं की ती जेवल्याशिवाय घरातलं व्रत सुटत नाही. म्हणून आम्ही आवतण देताना बोट आवरून असतो.

व्रत मध्यावर आलं त्या दुपारी मी सोसायटीतल्या मुलींना आवतण देऊन घरी आले. हेली आणि पंक्ती आमच्याच खोलीत असणार म्हणून त्यांचं शेवटी ठेवलं होतं. खोलीत कुणी नव्हतं. तिघी मागे जवाऱ्यांना पाणी घालत होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. टीव्ही मात्र चालूच, थांबवून ठेवलेला. तोच भाग पुन्हा लावला असावा, कारण पडद्यावर त्या भागाच्या अखेरीला दाखवतात तो फोटो होता. मालिकेतल्या नटीचा नव्हे, खऱ्या मुलीचा. नवा चणिया, दोन वेण्या, दोन्ही हातांत जवाऱ्यांचं रामपात्र. चेहरा तेवढा पुसलेला. गरम दुधावर फुंकर घातल्यावर वरची साय हलते, तसं काहीतरी चेहऱ्याच्या जागी होतं.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे. घरात कुणीतरी तिला हे रामपात्र धरायला लावून फोटो काढला असेल. हस म्हटलं असेल.

माझ्या बोटाला कुंकू होतंच. मी ते त्या पुसलेल्या चेहऱ्यावर, कपाळ असेल अशा जागी लावलं, आणि म्हटलं, "तूही ये गं बेटा."

"मम्मी! टीव्हीला चांदलो?"

झंखना दारात उभी होती, मागे त्या दोघी. इतक्या हसल्या की पंक्तीला बसावं लागलं.

"आता वॉशिंग मशीनलाही आवतण द्या मासी," ती म्हणाली.

मीही हसले. मग हेलीला विचारलं, "हिचा चेहरा असा का गं केलाय?"

"तो मुद्दाम पुसतात. ज्या मुलींचं असं काही होतं ना, त्यांना ओळखता येऊ नये म्हणून. तसा कायदाच आहे."

"आणि नाव?"

"तेही बदललेलं."

म्हणजे ना नाव, ना तोंड. मी पदराच्या टोकाने पडदा पुसला. कुंकू लगेच गेलं. मग त्या दोघींना आवतण देऊन मी आत गेले, आणि पदर धुवायला म्हणून नळाखाली धरला. तो कोरा होता. कुंकवाचा कणही नाही. माझं बोट मात्र अजून लाल होतं.

पडदा गुळगुळीत असतो, नीट टेकलंच नसेल, असं मला वाटलं. दिसलं तर होतं. पण दिसतं तसं सगळंच असतं असं नाही.

४

त्या संध्याकाळी झंखनाच्या पप्पांसाठी खिचडी आणि कढी केली. व्रतामुळे मी चाखत नव्हते, हाताच्या अंदाजाने मीठ घालत होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"मलाही व्रताला बसवलंस का?"

"का हो?"

"मीठ कुठाय?"

मी मिठाची बरणी दिली. त्यांनी घातलं, कालवलं. पुन्हा घातलं. मग चमचाभर. जन्मभर मिठाच्या पाण्यात शेंग भिजवणारा माणूस. मीठ किती पडलं हे त्यांच्या जिभेला विचारावं लागत नाही. त्यांनी बोटाने बरणीतलं मीठ चाटलं. "हे तर खारट आहे," म्हणाले. मग कढीचा घोट घेतला. "आणि हे नाही."

"हवा दमट आहे. मीठ ओलं झालं असेल."

"ओलं झालं म्हणून मीठ आपला धंदा सोडतं का?"

सकाळी नवी पिशवी आणली. तेच. मग त्यांनी भट्टीवरून ताजी शेंग आणली, पुडी अजून गरम होती. ओसरीवर एक दाणा खाल्ला, छान म्हणाले. उंबऱ्याच्या आत येऊन दुसरा खाल्ला, आणि तोंडातला घास तसाच धरून उभे राहिले. मग पुन्हा बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. एक पाय आत, एक बाहेर, असा तो माणूस शेंगदाणे खात होता.

"डॉक्टरला दाखवा," मी म्हटलं. "ते पित्ताच्या गोळ्या घेता ना, त्याने जीभ जाते."

"हो, त्यानेच," ते म्हणाले. पण त्या दिवसापासून ते जेवायला भट्टीवरच थांबू लागले.

दुपारी मी स्वयंपाकघरात असताना पुढच्या खोलीतला झोपाळा वाजायचा. आमच्या झोपाळ्याच्या कड्या जुन्या आहेत. वाऱ्याने हलला तर त्यांचा आवाज चिमणीसारखा बारीक येतो. माणूस बसला की जड, लांब. लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय, चूक होणार नाही. मला वाटायचं झंखना बसली आहे. मग झंखना मागच्या दाराने पाणी मागत आत यायची, आणि झोपाळा वाजतच असायचा, जड आणि लांब.

मी एकदा जाऊन बघितलं. झोपाळा हलत होता. वर फक्त उशी होती. झंखना आत्ताच उठून मागे गेली असणार, असा हिशेब मी लावला. तो जमतही होता, फक्त झंखनाचे पाय ओले होते आणि पुढच्या खोलीची फरशी कोरडी.

५

व्रताच्या मुलींचा जवाऱ्यांसोबत फोटो काढायची आता पद्धत झाली आहे. झंखनाच्या पप्पांनी ओसरीवर तिघींना उभं केलं, फोन धरला.

"अरे, ही हलली."

"मी नाही हलले."

पुन्हा काढला. हेली छान आली होती. पंक्तीने डोळे मिटले होते तरी तिच्या गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. मध्ये झंखना, नवा चणिया, दोन्ही हातांत रामपात्र. आणि मानेच्या वर ती साय हलल्यासारखं काहीतरी.

"पप्पा, तुम्हाला फोटोच काढता येत नाही. द्या इकडे, हेली काढेल."

हेलीने काढला. तरुलताबेननी काढला. प्रत्येक वेळी बाकीच्या स्पष्ट.

"उजेड मागून येतोय," तरुलताबेन म्हणाल्या. हेलीने फोन हातात घेऊन फोटो पुन्हा बघितले. तिने फोन परत दिला आणि आज आईला बरं नाही म्हणून घरी निघून गेली. मला तिचं वाक्य आठवत होतं. ज्या मुलींचं असं काही होतं ना.

मी स्वतःला सांगितलं, फोनची काच मळली असेल. ती पुसून घेतली. संध्याकाळी झंखनाची वेणी घालायला बसले तेव्हा समोर आरसा होता. आरशात मी होते, माझे हात होते, तिचे केस होते. मी आरशावर हात फिरवला.

"काय गं मम्मी?"

"धूळ आहे जरा."

मग मी तिला माझ्याकडे वळवलं. चेहरा होता. नाक, डोळे, हनुवटीवरची पडल्याची खूण, सगळं जागच्या जागी. मी ते एकेक बघू शकत होते. पण सगळं मिळून ही माझी झंखना, असं जे आपोआप मनात उमटतं, ते उमटेना. शेजारच्या गावातल्या कुणाची तरी मुलगी वाटत होती. चांगल्या घरातली, शांत.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "मला ना मम्मी, काही म्हणजे काहीच चव लागत नाहीये."

"व्रत आहे ना बेटा. अळणीच लागणार."

"तसं नाही. दूधही तसंच. केळंही." मग हसली. "मी पण त्या पोरीसारखी होतेय बहुतेक."

"कुठल्या?"

"सोड ना. गंमत केली."

मी देवापुढे बसले, पण काय मागावं ते सुचेना. टीव्हीतल्या त्या मुलीला आता परत जा म्हणावं, तर आवतण मीच दिलेलं. कपाळाला कुंकू लावून बोलावलेली मुलगी दारातून परत पाठवायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तिची आईही कुठेतरी असेलच.

६

जागरण झालं, मुली नाचल्या, पत्ते खेळल्या, एकमेकींच्या तोंडावर पाणी मारून जाग्या राहिल्या. सकाळी नर्मदेवर गर्दी होती. झंखनाने जवारे सोडले. बाकीच्यांचे पाण्याबरोबर लगेच गेले, तिचे काही वेळ काठाशीच फिरत राहिले. मग तेही गेले.

घरी येऊन मी पानं मांडली. पुरी, दूधपाक, वाल, बटाट्याची भाजी. झंखनाच्या पप्पांनी भट्टीवरचं मीठ आणून दिलं होतं, तेच घातलं. गोयणी आल्या, ओसरीवर त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं. पुढच्या खोलीत भिंतीला लागून त्या ओळीने बसल्या, झंखना शेवटी, टीव्हीखालच्या जागेत. दोन दिवस न आलेली हेलीही आली. ती झंखनाकडे बघणं टाळत होती.

आमच्या घरची रीत अशी की व्रताच्या मुलीला पहिला खारा घास आईने भरवायचा, मग तिने जेवायचं. पण आधी गोयणींनी सुरुवात करायची. मी हात जोडून म्हटलं, जेवा गं बायांनो.

सगळ्यांनी घास घेतले. सगळ्या थांबल्या.

"मासी," पंक्ती हळूच म्हणाली, "मीठ विसरलात."

"भाजीतही," दुसरी कुणीतरी बोलली.

तरुलताबेन मदतीला आल्या होत्या. त्यांनी पातेल्यात बोट बुडवून चाटलं आणि कपाळाला हात लावला. "दक्षाबेन, पाच वर्षं अळणी करून हाताला तीच सवय लागली तुमच्या." मुली हसल्या. एरवी मीही हसले असते.

मी पुऱ्यांची परात घेऊन ओळीने वाढत निघाले. वाढणाऱ्या बाईचं लक्ष तोंडांकडे नसतं, पानांकडे असतं. पान, हात, पान, हात. हेलीचे नखं चावलेले हात. पंक्तीच्या बांगड्या. झंखनाचं पान आलं, मी पुरी ठेवली. आणि वाकलेलीच पुढे सरकले, कारण पुढे अजून गुडघे होते.

नव्या चणियाची किनार. पुढ्यात पान नव्हतं. मांडीवर दोन हात, मेंदी जुनी होऊन तांबूस पडलेली, नखांत माती. जवारे पेरताना जाते तशी. ते हात नुसते होते. मग त्यातला एक उचलला गेला आणि झंखनाच्या पानाच्या कडेला येऊन थांबला. हावरेपणाने नाही. पाहुणी मुलगी विचारावं की नको अशी थांबते, तसा.

झंखना समोर बघत होती. तिचा हातही पानाच्या कडेलाच होता, अगदी तस्साच. दोन्ही हातांतला कुठला कुणाचा, हे मला क्षणभर सांगता आलं नसतं.

मी मान वर केली नाही. पण डोळा जातोच. वेण्या दिसल्या. दोन्हींच्या मध्ये ती साय हलत होती, आणि तिच्यावर माझ्या बोटाएवढा कुंकवाचा ठिपका. तो स्थिर होता. एकदम ताजा, ओला.

 मुली माझ्याकडे बघत होत्या, मासी अशी वाकून का थांबली म्हणून.

माझ्या परातीच्या कडेला चिमूटभर मिठासह झंखनासाठी राखलेला घास होता. मला एवढंच कळलं की तो आता कुणाला द्यायचा ते मलाच ठरवायचंय. पाच वर्षांपूर्वी ज्या तोंडासाठी मी तो मागून घेतला होता ते तोंड माझ्या हातभर अंतरावर होतं, आणि भुकेलेलं होतं. पण बोलावलेल्या पोरीआधी घरच्या पोरीला कसं वाढायचं? ही अळणी राहिली तर या घरात कुणालाच मीठ लागणार नाही, हे मला तोपर्यंत समजलं होतं. झंखनालाही नाही.

मी पुरीच्या तुकड्यावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि हात तिच्याकडे केला. "जेव बेटा," मी म्हटलं. "झालं तुझं व्रत. जवारेही गेले."

बोटांना ओठ लागले. कोरडे, फुटलेले. झंखनाचे तापात होते तसे. हात मागे घ्यावासा वाटला, फार वाटला. पण भरवताना आई हात मागे घेत नाही. मी तसाच धरून ठेवला, घास जाईपर्यंत.

"ई!" पंक्ती ओरडली. "मासी, भाजी खारट झालीय! केवढं मीठ!"

मग सगळ्याच ओरडायला लागल्या. कुणी पाणी मागत होतं, कुणी दूधपाक. तरुलताबेन धावत पाणी आणायला गेल्या. घरात जे काही मीठ चार दिवसांत पडलं होतं ते एकदम आल्यासारखं झालं होतं.

माझ्यापुढे भिंत होती, आणि कोरी फरशी. मी दुसरा घास केला आणि झंखनाकडे वळले. ती तोंड उघडून बसली होती, लहानपणी बसायची तशी, एक डोळा मिटून.

"मम्मी, तू त्या भिंतीला काय भरवत होतीस?"

"गोरमाला," मी म्हटलं. तिला भरवलं. तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या वेड्यावाकड्या तोंडात माझी झंखना मला अख्खी दिसली. मी तिथेच बसले.

७

दुपारी काढलेले फोटो सगळे छान आले. झंखना स्पष्ट आहे, हनुवटीवरच्या खुणेसकट. झंखनाचे पप्पा घरी जेवायला लागले. पित्ताच्या गोळ्या बदलल्या म्हणून जीभ परत आली, असं ते भट्टीवर सगळ्यांना सांगतात. असेलही.

मालिका मी बंद केली नाही. झंखनाने विचारलं तेव्हा एवढंच म्हटलं की मी शेजारी बसेन. ती म्हणाली, "बस की. पण मध्ये मध्ये प्रश्न नाही विचारायचे." पुढचा भाग एका वसतिगृहातल्या मुलाचा होता. गुन्हेगार सापडला, संगीत वाजलं, फोटो आला. क्रिकेटच्या टोपीखाली तीच साय. मी बोटाने काही केलं नाही, आवतण दिलं नाही. फक्त तो फोटो जाईपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरुलताबेन ओसरीवर आल्या, हातात वाटी.

"दक्षाबेन, ही डाळ जरा चाखता का? तीनदा मीठ घातलं. सासरे म्हणतायत, अळणी. मला वाटतं माझ्याच जिभेला काहीतरी झालंय."

"पंक्तीने काल ती मालिका घरी बघितली का?"

"एकटीच बघत बसली होती. का?"

"आणि कुणी कुणाला कुंकू लावलं?"

"कुणी? कशाला?"

कुणीच लावलं नव्हतं. मी समजत होते की मी बोलावलं म्हणून ती आली. पण एकदा एखाद्या घरात जेवायला मिळालं, की बाकीच्यांना आवतण लागत नाही बहुतेक.

त्यांच्या दाराशी पंक्ती उभी होती. मला तिचे पाय दिसले, घोट्यातली साखळी दिसली. वर बघायला मला थोडा वेळ लागला. मग मी तरुलताबेनना आत घेऊन गेले, मिठाची बरणी काढली, आणि काय करायचं ते दाखवलं. त्यांनी आधी माझी चेष्टा केली. मग केलं. आज त्यांच्या घरी डाळ खारी लागते, आणि पंक्ती पंक्तीसारखीच दिसते.

पोरांनी असलं बघावं की नाही, असं मला सोसायटीतल्या बायका अजून विचारतात. मला ते सांगता येत नाही. बंद केलं तरी ती शेजारच्या घरी जाऊन बघतात. म्हणून जे मला सांगता येतं तेवढं सांगते. बघू द्या, पण शेजारी बसा. शेवटी तो पुसलेला चेहरा येईल, तेव्हा उठून स्वयंपाकघरात जाऊ नका. त्या दिवशी घरात कुणीही जेवण्याआधी पहिल्या घासाला मीठ लावा, हात पुढे करा, आणि म्हणा, जेव बाळा, झालं तुझं. घास कुणी घेतल्यासारखं वाटलं तर हात मागे घेऊ नका. असे चेहरे फार आहेत. माझ्या एका घरचं मीठ त्यांना पुरायचं नाही, तेव्हा तुमच्याकडचंही चिमूटभर असू द्या.